थोरलीच्या उरलेल्या गोळ्या

माझ्या दोन भावजयांचं गूळपीठ पाहून लोकांना कौतुक वाटतं. मला वीट आलाय. आमच्या लॉन्ड्रीत एकीने ओल्या चादरीचं एक टोक धरलं की दुसरी न सांगता दुसरं धरते. डबा अर्धा-अर्धा, चहा अर्धा-अर्धा. मी नणंद, दोघींच्या मध्ये उभी राहून इस्त्री करते.

थोरलीला लघवीला जळजळ होऊन हुडहुडी भरली. डॉक्टरीणबाईंनी अँटिबायोटिक दिलं आणि बरं वाटलं तरी कोर्स पूर्ण करा म्हणून बजावलं. त्याच सुमारास धाकटी सर्दी-तापाने फणफणली. झालं! स्वतःचा ताप उतरताच थोरलीने उरलेल्या गोळ्या तिच्या हातावर ठेवल्या.

"ताई, तुमच्या आहेत ना या?"

"मी झाले बरी. घे गुपचूप."

धाकटीची सर्दी त्या गोळ्यांना भीक न घालता आपल्या वेळेने गेली. गोळ्यांनी लागलेल्या जुलाबांनी मात्र ती पार गळाली. आणि थोरली एका दुपारी चादर पिळता पिळता कंबर धरून खालीच बसली. अंग नुसतं भाजत होतं.

"इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलंय. आधीची गोळी आता लागू पडणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. गोळ्या कुठे गेल्या हे कळल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, सर्दीला यांचा काडीचा उपयोग नसतो!"

थोरली सलाईनवर, धाकटी बाहेर बाकावर, आणि मी एकटी मशीन, इस्त्री, गिऱ्हाइकं आणि दवाखाना करत फिरत होते. रागवायचंही त्राण उरलं नव्हतं. थोरली वाचू दे, एवढंच मनात होतं.

वाचली. नव्या गोळ्या घेऊन घरी आली, चार घास जेवायला लागली आणि एके सकाळी म्हणाली, "आता बरं वाटतंय गं. राहू देत उरलेल्या. कुणाला तरी उपयोगी पडतील."

मी तोंड उघडायच्या आत धाकटी कडाडली. थोरलीपुढे तिचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नव्हता.

"मला उपयोगी पडल्या तेवढ्या पुरे झाल्या! त्या बाकावर माझं काय झालं, ठाऊक आहे? माझ्यापायी तुम्ही गेला असता तर मी कुणाकडे बघून जगायचं होतं?"

थोरलीने निमूटपणे गोळी तोंडात टाकली, वर पाणी प्यायली. धाकटी जागची हलली नाही.

"आ करा," ती म्हणाली.

थोरलीने आ करून दाखवला.