जावयाची बदली

सावित्री खोरे कबड्डी लीगमध्ये आठ संघ, आणि सयाजीचा 'सावित्री सरदार' तीन हंगाम ओळीने आठवा. लीग म्हणजे काही जत्रेतली कबड्डी नव्हे. मॅट होती, फ्लडलाइट होते, खेळाडूंना मानधन होतं आणि सामने मोबाइलवर लाइव्ह दिसायचे. त्यामुळे तुडीलकडच्या या संघाची फजिती मुंबईचे चाकरमानीसुद्धा जेवता जेवता बघायचे. यंदाचा हंगाम संपला तसा लीगच्या मंडळाने नवा नियम काढला. ओळीने चौथ्यांदा शेवटी येणाऱ्या संघाचं नाव लीगमधून कमी होणार. माणगावचे लोक त्या जागेवर डोळा ठेवून बसलेच होते.

संघ सयाजीने उभा केलेला. बिरवाडीच्या कारखान्यांचा माल वाहणारे त्याचे टेम्पो होते, पण दासगावपासून पोलादपूरपर्यंत लोक त्याला हाक मारत ती संघवाला म्हणून. संघ गेला तर हाक मारायला टेम्पोच उरणार, हे त्याला पक्कं कळत होतं.

माणसं जोखण्यात सयाजी तरबेज. कोणाच्या लग्नात कोण किती वेळ थांबला, कोणी कोणाला मयताला खांदा दिला, कोण कोणाच्या दारावरून बघून न बघितल्यासारखा गेला, सगळी जमा-नावे त्याच्या डोक्यात तयार असत. मे महिन्यात ओटीवर बसून त्याने आपला संघ तसाच जोखायला घेतला, आणि मूळ चूक लगेच सापडली. पालखीला जसा दर भावकीचा एक खांदा लागतो, तसा संघात दर भावकीचा एक गडी घेतला होता. पालखी अशी नीट चालते. कबड्डी चालत नाही.

पण गावात कोणाला काढता येत नाही; वर चढवता येतं. भावकीतल्या गोमाजीचा नातू पकड करायच्या आधी केस सावरायचा, त्याला सयाजीने संघाचा उपाध्यक्ष केलं. एक गडी डोंबिवलीहून शनिवारी यायचा, गाडी चुकली तर यायचा नाही. तो मुंबई प्रतिनिधी झाला. तिसरा एवढा सुटला होता की त्याला वळसा घालता घालता समोरच्याचा दम सुटायचा, आणि संघाला त्याचा तेवढाच उपयोग होता. तो आहारप्रमुख झाला. सत्कार झाले, नारळ दिले, एकही भावकी रुसली नाही. मोकळ्या जागी बिरवाडीत खोली घेऊन राहणारी, कारखान्यात पाळी करणारी दोन तगडी पोरं आली.

राहिला कप्तान.

कप्तान म्हणजे रितेश, आणि रितेश म्हणजे सयाजीचा जावई. तीन वर्षांपूर्वी अधिक श्रावण आला होता. धोंड्याच्या महिन्यात जावयाला कोणी अंगठी घालतं, कोणी चांदीचं निरांजन देतं. सयाजीने भर पंगतीत उठून संघाची कप्तानी दिली होती. पंगतीने टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून संघ आठवा.

रितेश वाईट खेळाडू होता असं नाही. एके काळी तो जिल्ह्याला खेळला होता. पण आता वय चौतीस, गुडघ्याला पट्टा, आणि दर दुसरी चढाई आपली असं त्याचं ठाम मत. पकडला गेला की हसत बाहेर यायचा आणि म्हणायचा, "मामा, आज मॅट चिकट हाय." तीन हंगाम मॅट चिकटच होती.

त्याला पद देऊन मोकळं व्हायचं सयाजीने मनात आणलं होतं. पण कप्तानाच्या वर एकच पद उरलं होतं, आणि त्यावर तो स्वतः बसला होता.

आणि नेमका यंदा पुन्हा अधिक महिना. ज्येष्ठ. सोडलेल्या आणि घेतलेल्या खेळाडूंची नावं लीगला कळवायची मुदतही त्याच महिन्यात.

"जावयाला पाटावर बसवायचं, पाय धुवायचे, अनारसं वाढायचं," सयाजी बायकोला म्हणाला, "आणि मग सांगायचं, पाव्हणं, घरी बसा?"

"महिना सरला की सांगा," राहीबाई म्हणाली.

"महिना सरल्यावर लीग नावं घेत नाय."

"मग पुढल्या धोंड्याला."

"पुढल्या धोंड्याला संघ नसंल गो."

"जावई तर असंल ना?" राहीबाई म्हणाली आणि अनारशांचं पीठ बघायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी सयाजी पोलादपूरला गेला. तिथल्या 'घाट गर्जना' संघाचा मालक अनिल, याचं हार्डवेअरचं दुकान. त्याच्याकडे हर्षद नावाचा पोरगा होता. डाव्या कोपऱ्यात उभा राहायचा आणि घोटा धरला की सोडायचा नाही. सयाजीला तो हवा होता, आणि बदल्यात द्यायला काय, तर जावई.

चहा आला. सयाजीने रितेशचं वर्णन सुरू केलं. अनुभव, जिल्ह्याचा खेळ, पोरांवर वचक. गुडघ्याचा विषय निघण्याआधीच अनिल म्हणाला, "सयाजीशेठ, मला पटलं. हर्षद तुमचा, रितेशराव आमचे."

सयाजीचा कप हातात राहिला. एवढ्या झटक्यात सौदा पटतो तेव्हा आपल्याला काहीतरी दिसलेलं नसतं, हे त्याला इतक्या वर्षांत कळलं होतं. "एवढं लगेच?"

"तुमच्या सरावाला मी एकदा आलो होतो, रस्त्याने जाता जाता. रितेशराव चढाई करत होते. पाहून ठेवलं होतं तेव्हाच."

सयाजीने स्वतःशी ताडलं, की हार्डवेअरवाल्याला लोखंड कळतं, माणूस कळत नाही. मग पुढची मागणी घातली. "एकच करायचं. तुम्ही घरी यायचं, आणि मागायचं त्यांना. रीतसर."

अनिल आला तो धोंड्याच्या जेवणालाच. नारळ, पेढ्यांचा पुडा, सोबत दुकानातला माणूस. रितेश पाटावर बसलेला, कपाळाला गंध, समोर तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे आणि वर पेटलेलं निरांजन. त्याच्या शेजारी सयाजीची मुलगी तेजश्री. अनिलने हात जोडले आणि एखाद्या स्थळाकडे बोलावं तसा बोलला, की आमचा संघ पोरका आहे, आम्हाला घरंदाज माणूस पाहिजे, तुमचे जावई आम्हाला द्या.

रितेशचा घास तसाच राहिला. त्याने सासऱ्याकडे बघितलं. "मामा, तुम्ही काय म्हणता?"

सयाजीने चेहरा पाडला. तो इतका बेताने पाडला की त्याचं त्यालाच बरं वाटलं. "मी काय म्हणणार, पाव्हणं. तुमची प्रगती होत असंल तर मी आड यायचा नाय. आमचं बघू आमी कसंतरी."

राहीबाईने पदर डोळ्याला लावला. ती खरंच रडत होती, कारण तिला यातलं काही सांगितलेलंच नव्हतं. रितेशने मान खाली घालून बराच विचार केला आणि अनारसा संपवून होकार दिला. तेजश्री मात्र बापाकडे टक लावून बघत होती. ती लहानपणी परीक्षेचे मार्क लपवायची तेव्हा सयाजी तिच्याकडे असाच बघायचा.

हंगाम सुरू झाला आणि सरदार अधूनमधून चक्क जिंकायला लागले. हर्षद घोटे धरत होता, बिरवाडीची पोरं चढाया मारत होती. पण सुरुवातीचे दोन सामने एकेका गुणाने गेले होते, आणि खालचे तीनही संघ एकमेकांना खेटून होते. शेवटी हिशेब एवढाच राहिला, की अखेरचा सामना जिंकला तर सरदार लीगमध्ये, हरला तर बाहेर. आणि तो सामना, महाडच्या मैदानावर, घाट गर्जनाशी.

गुडघ्याला नवा पट्टा लावून रितेश चढाईला आला. हर्षद होता त्या बाजूला त्याने बघितलंसुद्धा नाही. तो सरळ दुसऱ्या कोपऱ्यात गेला, जिथे गावची पोरं होती. भावकीतला साहिल त्या कोपऱ्यात. रितेशने हात लांब केला, साहिलने नम्रपणे तो लागू दिला आणि बाजूला सरून त्याला परत जायला वाट करून दिली. गुण. पुढच्या चढाईला तेच. एकाने तर वाकून घोटा धरला, आणि धरल्या धरल्या सोडून हात कपाळाला लावला. मध्यंतरापर्यंत रितेशचे आठ गुण झाले. गर्जना पाचाने पुढे.

सयाजीला एकदम सगळं दिसलं. सरावातसुद्धा गावच्या पोरांनी रितेशला तीन वर्षांत एकदाही धरलं नव्हतं. एका घरचा जावई तो अख्ख्या गावचा जावई. म्हणून रितेशला वाटायचं आपण हाताला लागत नाही, आणि बाहेरचे धरायचे तेव्हा मॅट चिकट. रस्त्याने जाता जाता अनिलला जे दिसलं, ते रोज शिट्टी घेऊन उभ्या असलेल्या सयाजीला दिसलं नव्हतं.

"धरायचं त्याला," तो पोरांवर खेकसला.

"दाजींना?" साहिल म्हणाला.

"खेळात कसलं दाजी?"

"काका, तुमी सोता पाय धुतलं त्यांचं. आमी पाय धरून खाली पाडायचं? आनि ताई समोर बसलीय. ती म्हनाली तर धरू."

मध्यंतर पाच मिनिटांचं. सयाजी धापा टाकत प्रेक्षकांत तेजश्रीपाशी गेला. "बाय, पोरांना सांग जरा. धरा म्हणावं."

"मला कशाला विचारता?" तेजश्री म्हणाली. "त्यांना देऊन टाकताना विचारलंत?"

"देऊन नाय टाकलं. मागणी आली हुती."

"बाबा."

सयाजी शर्टाचं बटण चाचपायला लागला.

"तीन महिने हा माणूस सकाळी उठून धावतोय," ती म्हणाली. "मामांनी मला जड मनाने दिलं म्हणतो, त्यांची मान खाली जायला नको. त्याला खरं काय ते तुमी सांगा. तुमच्या तोंडाने. मग मी पोरांना सांगते."

"सामना झाल्यावर सांगतो."

"झाल्यावर तुमाला माझी गरज कुठली? मग कशाला सांगाल?"

पोरगी बापावर गेली होती. सयाजीने मॅटकडे बघितलं, फलकावरचे आकडे बघितले, आणि वळसा घालून गर्जनाच्या बाकाकडे निघाला. लाइव्हवाल्याचा कॅमेरा त्याच्या मागे फिरला. अनिल आडवा आला. "सयाजीशेठ, ही आमची बाजू आहे."

"जावयाशी बोलायचंय. घरचं हाय."

रितेश टॉवेलने मान पुसत होता. त्याचा चेहरा असा फुललेला सयाजीने लग्नानंतर बघितला नव्हता. "मामा, बघितलंत? आठ."

"पाव्हणं, मी तुमाला टाकलं."

"क्काय?"

"संघातून. तुमच्यानं खेळ हुईना म्हणून टाकलं. सांगवंना, म्हणून अनिलला मागणी घालायला लावली."

रितेशने टॉवेल खाली घेतला. "मागणी खोटी?"

"खोटी."

"आणि मामी रडल्या त्या?"

"ती खरी रडली."

रितेशने हळू विचारलं, "आणि हे आठ गुण?"

सयाजीला वाटलं, एवढं एक राहू द्यावं. पण तेजश्री तिकडून बघत होती. "ते पोरांनी दिलं. जावई म्हणून."

रितेशने अनिलकडे बघितलं. अनिलला तेवढ्यात पाण्याची बाटली कुठे ठेवली ते आठवेना. रितेश उठला, पट्टा आवळला, आणि मॅटवर जाऊन साहिलसमोर उभा राहिला.

"साहिल, धरायचं."

"दाजी, तसं नाय—"

"धरलं नायस तर सासरवाडीला पाय ठेवणार नाय. मग तुझ्या ताईला समजाव."

बाकड्यांवरून तेजश्रीचा आवाज आला, "आणि नीट धरा रे. गुडघा सांभाळून."

पहिल्याच चढाईला साहिलने घोटा धरला, आणि गावची बाकीची तिघं वरून पडली. तीन वर्षांचं साठलेलं होतं. ढिगातून रितेश बाहेर आला तेव्हा चौघांनी चार बाजूंनी विचारलं, "दाजी, लागलं नाय ना?" पंचाने शिट्टी वाजवून त्यांना आवरलं. त्याच्या साथीदारांनी गुण घेऊन त्याला परत आत आणलं, आणि पुढच्या चढाईला हर्षदने त्याला सोयऱ्याधायऱ्याचा काही विचार न करता आडवा केला. फरक कमी होत होत सरदार पुढे गेले.

शेवटच्या मिनिटाला रितेश पुन्हा आला. दम घेतला, उजवीकडे झुकला, साहिलचा हात पोटरीला लागला, दुसऱ्याने कंबर पकडली, आणि रितेशने अंग पिळून अर्धं धड ओढत नेत बोटांची टोकं मध्यरेषेला टेकवली. दोन गुण. ते पुरे पडले नाहीत. सामना सरदारांनी तीन गुणांनी घेतला. पण बाकड्यांवरून सगळ्यात मोठी आरोळी त्या चढाईला उठली, आणि तिच्यात राहीबाईचा आवाज ओळखू येत होता.

परत जाताना सगळे एकाच टेम्पोत. अनिलने गाडीत जागा नाही म्हणून सांगितल्यामुळे रितेशही. तो पुढे सयाजीशेजारी बसला होता, खिडकीकडे तेजश्री, मागे राहीबाई आणि पोरं. नाते खिंड मागे पडली तसा रितेश म्हणाला, "पण शेवटची चढाई, मामा. ती कोणी दिलेली नव्हती."

"नाय," सयाजी म्हणाला. "ती तुमची."

तेवढं पुरे झालं. रितेशने ती चढाई पहिल्यापासून सांगायला घेतली. साहिल कुठे होता, हात कुठे लागला, आपण कसा झोका दिला. दुसऱ्यांदा सांगितली तेव्हा अंतर वाढलं. तिसऱ्यांदा त्याला धरणारे तीन जण झाले.

"दाजी, दोघंच हुतो," साहिल मागून म्हणाला.

"तिसरा मागून आला होता."

"तो मी," कोणीतरी म्हणालं. "मी बाहेर बसलो हुतो."

मागे खसखस पिकली. रितेश सासऱ्याकडे वळला. "मामा, तुम्ही बघत होतात. तुम्ही सांगा, किती जण होते?"

सयाजीने आरशात पोरांकडे बघितलं, डोळ्याच्या कोपऱ्यातून तेजश्रीकडे बघितलं. रस्त्यावर खड्डा होता, त्यासाठी त्याने गाडी गरजेपेक्षा जास्त हळू केली.

"दोन," तो म्हणाला.

रितेशने जरा विचार केला. "दोन तर दोन," तो म्हणाला, आणि चौथ्यांदा सांगायला सुरुवात केली.