कासवाचं जास्तीचं बोट

"हे चौथं बोट कशासाठी?" स्पर्धा आयोगाच्या अध्यक्ष बाईंनी विचारलं.

त्यांच्यापुढे टेबलावर दोन लाकडी कासवं होती. लहान मुलांनी तुकडे जुळवून पूर्ण करायची कोडी. एक सुताराने केलेलं, दुसरं कंपनीच्या कारखान्यातलं. दोन्हींच्या तीन पायांना तीन-तीन बोटं, मागच्या डाव्या पायाला मात्र चार.

कंपनीच्या वकिलाने कागद चाळले. "डिझाइनचा भाग आहे, मॅडम."

बाई सुताराकडे वळल्या. "तुम्ही सांगा."

"माझ्या लेकीचं आहे ते. लहानपणी तिने कासव काढलं आणि बोटं मोजताना चुकली. मी तसंच पत्र्यावर उतरवून साचा केला. म्हटलं, राहू दे, ही तुझी सही."

मागे कोणीतरी हसलं. वकील हसला नाही.

कंपनीचा बाजार फोनमध्ये भरत असे. गिऱ्हाईक दुसरीकडे जाईनासं झालं, तेव्हा सगळ्यांनाच तिथे माल मांडावा लागला. कोणाचं काय खपतं ते कंपनीला दिसे. खपणारी वस्तू ती स्वतः बनवून घेई आणि सर्वांच्या पुढे लावी. खेळात जो पंच तोच फलंदाज असला, तर बाद कोण होणार? सुताराचं कासव मागे मागे ढकललं गेलं. हाताखालचे कारागीर एकेक करून गेले. तक्रारी पुष्कळांनी केल्या होत्या, पण चौथं बोट एकट्या सुताराकडेच होतं.

आयोगाने कंपनीला दंड केला आणि नक्कल केलेला माल बाजारातून काढायला लावला. शेजारच्या वेल्डरने दारातूनच हाक मारली, "काय सुतार, राक्षसाला लोळवलंत की."

"लोळवला खरा. आमच्या अंगावर पडला नाही म्हणजे मिळवली."

तो अंगावरच पडला. दुसऱ्या दिवशी सुताराचंही कासव बाजारातून गायब झालं. लेकीने फोनवर वाचून दाखवलं, "नक्कल असल्याने, आयोगाच्या आदेशानुसार काढले आहे."

"अगं, पण आपलं तर मूळ आहे ना?"

"माल काढणारं यंत्र आहे, बाबा. चार बोटांचं कासव दिसलं की काढायचं, एवढंच त्याला सांगितलंय."

कंपनीत फोन लावला, तर तेच ते ध्वनिमुद्रित उत्तर ऐकू येई. आयोगाच्या बाईंनी मात्र सगळं नीट ऐकून घेतलं. "नवीन अर्ज करा," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "वेळ लागेल, खोटं सांगत नाही." तेवढा वेळ सुताराच्या कारखान्याकडे नव्हता.

लेकीने साचा हातात घेतला.

"बाबा, ते बोट काढून टाका."

"तुझी सही आहे ती."

"आता मला मोजता येतं, बाबा."

सुताराने साचा शिकंज्यात धरला आणि कानस घेतली. पत्रा पातळच होता, वेळ लागला नाही. कडेवरून त्याने अंगठा फिरवून पाहिला. कुठे खरखर नव्हती. मग त्या साच्यावरून त्याने नवीन कासव कापलं, घासलं, जुळवलं. लेकीने फोटो काढून बाजारात टाकला. यंत्राने तो लगेच घेतला.

कासव छानच झालं होतं. ते आता कोणाचंही असू शकलं असतं.