चपलांची रांग

"या ना, तुम्ही या पुढे," असं म्हणत चंपाने आपली चप्पल पायाने बाजूला सरकवली. तिच्या जागेवर एका म्हाताऱ्या आजोबांची चप्पल आली. आजोबांनी हात जोडले. "देवाचं लक्ष असू दे तुमच्यावर," ते म्हणाले. देवाने निदान आजचा दिवस तरी आपल्याकडे लक्ष देऊ नये, असं चंपाला मनापासून वाटत होतं.

महापालिकेच्या त्या हॉस्पिटलात सर्जरीच्या ओपीडीबाहेर माणसांची रांग नसते, चपलांची असते. बाकडी दोनच, ती सकाळीच भरतात. मग आलेला माणूस भिंतीलगत चप्पल काढून ठेवतो आणि अनवाणी जाऊन जिन्याच्या पायऱ्यांवर बसतो. पुढची चप्पल कोणाची, अशी दारातल्या आयाबाईंची हाक आली की तो उठतो, चप्पल पायात अडकवून आत जातो, आणि मागच्या सगळ्या चपला एकेक जागा पुढे सरकतात. माणसाचा मान कुणी ठेवो न ठेवो, चपलेचा मान मात्र तिथे सगळे ठेवतात.

चंपाची चप्पल निळी, अंगठ्याजवळ सेफ्टी पिन लावलेली. सकाळी ती अगदी दाराजवळ होती. आता पाण्याच्या नळापाशी, पार टोकाला पोचली होती. आधी कडेवर मूल घेतलेल्या बाईला तिने पुढे सोडलं, मग पायाला बँडेज बांधलेल्या रिक्षावाल्याला, आणि आता या आजोबांना, दर वेळी स्वतःची चप्पल रांगेच्या शेवटी नेऊन.

रिपोर्ट मिळायचा वार गुरुवार, आणि एक वाजला की ओपीडी बंद. मागचे दोन गुरुवार तिने असेच घालवले होते. छातीतल्या गाठीत सुई घालून तुकडा तपासायला पाठवला होता. त्याचा रिपोर्ट आत डॉक्टरांकडे येऊन पडला होता, आणि चंपाला तो नको होता. तिची सासू अशीच एकदा रिपोर्ट आणायला गेली होती. जाताना भाकऱ्या थापून गेली, परत आली ती खाटेवरच झोपली, ती पुन्हा चुलीकडे वळलीच नाही. चंपा दिंडोशीच्या एका पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटायची. कागद वाचला जात नाही तोवर आपण पोळ्या लाटणारी बाई आहोत, असा तिचा साधा हिशोब होता. रात्री तो हिशोब टिकायचा नाही. अंधारात हात आपोआप गाठीकडे जायचा आणि तोंडाला कोरड पडायची.

नवऱ्याला, सहदेवला, तिने सांगितलं होतं की नंबरच लागत नाही. तो पवईच्या एका सोसायटीत वॉचमन. सरकारी हॉस्पिटलं माणसाला ताटकळत ठेवून मारतात, असं भाषण तो सोसायटीच्या गेटवर येईल जाईल त्याला ऐकवत होता. बायकोच्या बाजूने इतकं तावातावाने तो जन्मात कधी बोलला नव्हता. त्यामुळे तर खरं सांगणं आणखीच अवघड होऊन बसलं होतं.

"मावशी, दोन मिनिटं?" हातात टॅब घेतलेली एक मुलगी पायरीवर तिच्याशेजारी टेकली. गळ्यातल्या कार्डावर श्रुतिका असं नाव होतं. "कॉलेजचा सर्व्हे आहे. पेशंटला किती थांबावं लागतं त्याचा. तुम्ही कधीपासून बसलाय?"

"सकाळपासनं."

"आणि याआधी?"

"दोनदा येऊन गेले. नंबर नाय लागला."

"बाप रे. म्हणजे मी 'अजिबात समाधानी नाही' टाकते."

"नको गं," चंपा घाईने म्हणाली. "तसं नको टाकू. डॉक्टरांची काय चूक नाय त्यात."

"मग उशीर कशामुळे झाला? गर्दी, स्टाफ कमी, मशीन बंद... यातलं काय?"

चंपाचं कारण त्या यादीत नव्हतं.

वरच्या पायरीवर विनी बसली होती. मरोळच्या गावठाणातली, अंगाने भरलेली बाई, पिशवीतून एकेक चणा तोंडात टाकत सकाळपासून सगळं बघत होती. गेल्या वर्षी याच दाराआड तिच्या छातीचं ऑपरेशन ठरलं होतं, आता ती नुसती तपासणीला यायची.

"पोरी, तू जा, दुसऱ्याला विचार," तिने श्रुतिकाला उठवलं आणि खाली सरकून चंपाच्या कानाशी म्हणाली, "मीपण हेच केलं होतं. ज्याला त्याला पुढे सोडायचे. लोक बोलायचे, काय गोड बाई आहे. गोड कसली? फाटली होती माझी."

चंपाचे डोळे भरून आले.

विनी उठली. नळापर्यंत गेली, निळी चप्पल उचलली आणि दारासमोर सगळ्यांच्या पुढे नेऊन ठेवली.

"ओ आंटी, लाइन आहे ना इकडे," कोणीतरी ओरडलं.

"तुझी चप्पल कुठे पळून जात नाय. हिने सकाळपासून किती जणांना पुढे सोडलं, ते बघितलंस ना? मग गप बस."

चप्पल मागे आणायला चंपा धावली. फरशी पायाला गार लागत होती. ती वाकली आणि दार उघडलं. आजोबा बाहेर आले. आयाबाईंनी खाली बघितलं. "निळी चप्पल कोणाची?"

चंपाने चप्पल पायात घातली.

आत डॉक्टर बाई तिच्या मुलीच्या वयाची होती. तिने रिपोर्ट वाचला, पुन्हा वाचला, आणि खुर्ची जवळ ओढून हळू आवाजात सांगितलं. कॅन्सर होता. उपाय होता, ऑपरेशन लवकर करायला हवं होतं. मग तारीख बघून ती थबकली. "हा येऊन दोन आठवडे झाले की. बाहेर गर्दी असते, आम्हाला कळतं हो. सॉरी मावशी. तुम्हाला फार थांबावं लागलं."

चंपाला तेवढं सहन झालं नाही. दुखणं तिने ऐकून घेतलं होतं, ही माफी तिच्याने घेववेना.

"नाही मॅडम," ती म्हणाली. "माझा नंबर दर वेळी लागत होता. मीच मागे जात होते. मला भीती वाटत होती."

डॉक्टरने चंपाच्या मनगटावर हात ठेवला आणि पुढच्या तपासण्या लिहायला घेतल्या.

बाहेर आल्यावर चंपाने सहदेवला फोन लावला.

"नंबर इलो काय गो?" नंबर आला का, त्याने घरच्या मालवणीत पहिलं तेच विचारलं.

"इलो."

"डाक्टर काय बोललो?"

"तुमी येवा हंय," ती म्हणाली. "मी थांबतंय."

विनीने पायरीवर सरकून जागा केली. चंपा बसली, या वेळी चप्पल पायातच ठेवून. विनीच्या पिशवीतले दोन चणे तिने न विचारता उचलले. तोंड कोरडं होतं, तरी ती ते बराच वेळ चावत राहिली.