बिनविस्तवाचं स्वयंपाकघर

कावेरीबाईंच्या आतड्यातली गाठ काढून त्यांना बसवनगुडीच्या घरी आणलं, आणि त्याच महिन्यात रघुनंदनरावांनी घरातला गॅस बंद केला.

विमा कचेरीतून निवृत्त झालेल्या या माणसाने उभ्या जन्मात चहासुद्धा केला नव्हता. बायको वाचली होती, पण गाठ पुन्हा येईल ही धास्ती काही केल्या जाईना. अशात एका ओळखीच्याने त्यांना एचएसआर लेआउटमधल्या दयानंद नावाच्या गृहस्थांच्या आहारवर्गाला नेलं. दयानंद सांगत, अन्नाला विस्तव लागला की त्यातला जीव जातो. जीवनसत्त्वं जळतात, पाचक रस मरतात, आणि असं मेलेलं अन्न खाऊनच माणूस आजारी पडतो. रघुनंदनरावांना ते पटलं. डॉक्टरांनी त्यांना फक्त वाट बघायला सांगितलं होतं. इथे निदान हाताला काम होतं.

ते कामाला लागले. सोयाबीन भिजत घालायचे, सकाळी मिक्सरमध्ये वाटायचे, फडक्यातून दूध पिळून काढायचे. मोड आलेले अवरेकाळु, म्हणजे वालाचे दाणे, कच्चेच कुटायचे. वाटून वाटून मनगट दुखायचं.

"तुला ताकद हवी. प्रथिनं भरपूर आहेत यात," ते पेला पुढे करत.

पहिल्याच आठवड्यात कावेरीबाईंना उलट्या झाल्या, मग जुलाब. दयानंद म्हणाले, शरीरातलं विष बाहेर पडतंय, थांबवू नका. रघुनंदनरावांनी थांबवलं नाही.

"अहो, स्वल्प गरम सार करा ना," एकदा त्या म्हणाल्या. "नुसतं मिरीचं."

"थोडी कळ काढ. कुणासाठी करतोय मी हे सगळं?"

नवऱ्याने एवढ्या मेहनतीने वाटलेलं ओतून कसं द्यायचं, म्हणून त्या डोळे मिटून पीत राहिल्या.

मुलगी सुप्रीता हुबळीहून आली तेव्हा आईच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या, आणि पावलं मात्र सुजून टम्म झाली होती. शेजारून मऊ भात मागून आणून तिने चमचा आईच्या तोंडाशी धरला. कावेरीबाईंनी तोंड उघडण्याआधी नवऱ्याकडे पाहिलं.

सुप्रीताने चमचा खाली ठेवला. "अण्णा, गाडी बोलवा," ती म्हणाली. "आत्ता."

इस्पितळात अश्लेषा नावाच्या आहारतज्ज्ञ होत्या. काय काय खायला देत होता, हे त्यांनी शांतपणे विचारून घेतलं.

"सोयाबीन, अवरे, राजमा, अशा कच्च्या दाण्यांत एक द्रव्य असतं," त्या म्हणाल्या. "आपल्या पोटात प्रथिनं पचवणारा जो रस असतो, त्यालाच ते अडवतं. नीट शिजवलं की ते बरंचसं मोडतं. कच्चं दिलं तर प्रथिनं पोटात जातात, पण अंगी लागत नाहीत. धडधाकट माणसाचंही पोट बिघडतं. यांचं आतडं तर आधीच कापलेलं."

"पण शिजवल्याने जीवनसत्त्वं जातात, ते खोटं आहे का?"

"खोटं नाही. काही जातात. पालेभाजीतलं सी बरंच जातं. गाजरातलं ए मात्र शिजवल्यावर उलट जास्त मिळतं. विस्तव थोडं घेतो, थोडं देतो, सर."

रघुनंदनरावांनी विचारलं, "म्हणजे मी पाजत होतो, आणि ती उपाशी राहत होती?"

"आजार होताच," अश्लेषा म्हणाल्या. "सगळं त्यामुळेच झालं, असं कुणी सांगू शकणार नाही." पण नाही असंही त्या म्हणाल्या नाहीत.

नळीने अन्न सुरू झालं, तोवर छातीत जंतूंचा संसर्ग शिरला होता. त्याच्याशी झुंजायला अंगात काही उरलं नव्हतं. एका दुपारी कावेरीबाई गेल्या.

दिवसकार्य झाल्यावर सुप्रीता निघाली. दारात थांबून म्हणाली, "तुमचा जीव होता आईवर, मला माहीत आहे अण्णा. म्हणून तर तुमच्यावर ओरडताही येत नाही." जाताना तिने वाकून नमस्कार केला नाही.

पुढच्या रविवारी रघुनंदनराव आहारवर्गात गेले आणि मधेच उभे राहिले. घडलं ते सगळं त्यांनी कानडीत सांगितलं.

दयानंदांनी हात जोडले. "त्या माउलींना शांती मिळो. तुम्ही उशिरा सुरुवात केलीत, सर. लवकर आला असता तर..." माणसांनी माना डोलावल्या. पेले पुन्हा फिरू लागले.

ते जिना उतरत असताना एक तरुण बाई मागून धावत आली. कडेवर वर्षाचं, किरकोळ अंगाचं मूल होतं.

"अंकल, याला गाईचं दूध सोसत नाही. मी हेच देते, सोयाचं. कच्चं."

"देऊ नका," रघुनंदनराव घाईघाईने म्हणाले. "आधी मुलांच्या डॉक्टरांना दाखवा. आजच. आणि सोयाचं दूध घरात कुणीही प्यायचं तर उकळून. फेस वर आला की उकळलं असं वाटतं, पण ते तेव्हा कच्चंच असतं. फेस बसल्यावर चांगलं खळखळू द्यायचं."

"पण मग त्यातले गुण जातात ना?"

"काही जातील. जाऊ देत, अम्मा."

तिने मुलाच्या हडकुळ्या पाठीवरून हात फिरवला. "सरी अंकल, दाखवते. पिशवी वर राहिली, घेऊन येते," असं म्हणून ती जिना चढली.

डॉक्टरांकडे आपणच सोबत जावं, म्हणून ते फाटकाशी थांबले. वर टाळ्या झाल्या, खुर्च्या सरकल्या, पुढचं सत्र सुरू झालं. ऊन फाटकावरून सरकून रस्त्यावर गेलं, तरी ती खाली आली नाही.