दारात न मावणारा सोफा

मित्रांनो, मी एक जुना सोफा आहे. तुमच्या जिवाला घोर नको म्हणून शेवट आधीच सांगून टाकतो: आपोंदीचं शिलाई मशीन घरातच राहिलं. भिशीच्या बायकांनी ते नेलं नाही.

आता हे वाक्य विसरा. मी ते बोललोच नाही. पुढे काय होणार ते कुणालाच ठाऊक नाही, मलाही नाही.

माझा जन्म किसुमू शहरात, न्यालेंदा वस्तीतल्या एका पत्र्याच्या खोलीत झाला. इतर सोफे रस्त्याकडेच्या सुताराच्या दुकानात जन्मतात आणि मग हातगाडीवर बसून चार लोकांच्या देखत घरी येतात. माझ्या नशिबी तो मान नव्हता. त्या आठवड्यात ओदेरा सुताराचं दुकान शवपेट्यांनी भरलेलं होतं आणि त्या गिऱ्हाइकांना थांबा म्हणता येत नव्हतं. म्हणून ओदेरा फळ्या, स्प्रिंगा आणि मखमल घेऊन ओबुयाच्या खोलीत आला आणि त्याने मला तिथेच उभा केला.

ओबुया म्हणजे आपोंदीचा नवरा. मटाटू नावाच्या प्रवासी गाड्यांवर नावं आणि चित्रं रंगवणारा. त्याने बजावलं होतं, "ओदेरा, असा सोफा कर की माणसाला आधी सोफा दिसावा, मग घर." ओदेराने तसाच केला. घर नंतरही दिसेना.

संध्याकाळी आपोंदी बाजारातून मासे घेऊन आली आणि दारातच थांबली.

"हे काय?"

"सोफा."

"ते दिसतंय. आत आला कसा?"

"आला नाही. झाला."

"आणि पैसे?"

"तेही होतील," ओबुया म्हणाला.

आपोंदी चुलीकडे वळली. तिने मासे तळले, मक्याच्या पिठाची उगाली घोटली, आणि महिन्याभरात माझ्या पाठीवर आणि हातांवर घालायला पांढरे रुमाल विणले. आपियो आणि आदोंगो या तिच्या जुळ्या मुली माझ्यावर उड्या मारत. पाहुणे माझ्यावर टेकले की आपोआप हळू आवाजात बोलू लागत. मित्रांनो, तो माझा वैभवाचा काळ होता. कोपऱ्यात आपोंदीचं काळं शिलाई मशीन शाळेचे गणवेश शिवत खडखडत असे. ते घर चालवत होतं. मी घर सजवत होतो. आम्हां दोघांत जास्त उपयोगाचं कोण, हा प्रश्न तेव्हा कुणी काढला नाही. मी तर मुळीच नाही.

ओबुया वाईट माणूस नव्हता. तो दारू पीत नव्हता, पत्ते खेळत नव्हता. त्याला एकच खोड होती. समारंभात कुणी ध्वनिक्षेपकावरून त्याचं नाव पुकारलं की तो उठून उभा राही. आमच्याकडे शाळेचं छप्पर असो, कुणाचं ऑपरेशन असो, की मयतीचा खर्च असो, गाव जमतं, सूत्रसंचालक एकेकाचं नाव घेतो आणि माणूस सगळ्यांसमोर आकडा सांगतो. "आपल्यामध्ये उपस्थित आहेत, ज्यांच्या ब्रशाशिवाय या शहरातली एकही गाडी सुंदर दिसत नाही, ते आपियोचे बाबा, ओबुया!" एवढं ऐकलं की संपलं. खिशात चारशे शिलिंग असले तरी तोंडातून दहा हजार बाहेर पडत. टाळ्या थांबायच्या आत तो खाली बसे आणि अंगठ्याने फोनवर कर्ज काढी.

पहिलं कर्ज फेडायला दुसरं, दुसऱ्यासाठी तिसरं. मग वसुलीवाल्यांचे फोन येऊ लागले. ओबुया उचलेना, तेव्हा त्यांनी त्याच्या सासूला फोन केला, चर्चच्या पाळकांना केला, आणि एकदा चुकून ओदेरालाही केला, ज्याला माझेच पैसे मिळायचे बाकी होते. फोन वाजू लागला की घर गप्प होई. ओबुया तो माझ्या गादीखाली सारून वर बसे. आपोंदी मशीन थांबवी. मुली श्वास रोखून बसत. फोनची ती थरथर, मित्रांनो, मी एकट्याने सोसली आहे. सोफ्याने थरथरायचं ते माणसांच्या ओझ्याने थरथरावं, सावकाराच्या फोनने नव्हे.

शेवटी आपोंदीने बायकांच्या भिशीतून कर्ज उचललं आणि फोनवाल्यांची तोंडं बंद केली. तारण म्हणून तिने मला लिहून दिलं. भिशीची अध्यक्षीण न्यार-उयोमा, म्हणजे उयोमाची लेक, स्वतः तपासणीला आली. आमच्याकडे लग्न झालेल्या बाईला तिच्या माहेरावरून हाक मारतात, आणि या बाईच्या नुसत्या हाकेने उयोमा गाव घाबरत असावं. ती माझ्यावर बसली. तीनदा उसळली. रुमाल उचलून शिवण पाहिली.

"माल दणकट आहे," ती म्हणाली. "मंजूर."

मला सगळीकडून तपासलं, मित्रांनो. दार कुणी तपासलं नाही.

ओबुयाने मुलींच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, आता एकाही समारंभात तोंड उघडणार नाही. काही महिने त्याने ते पाळलंही. मग त्याच्या जुन्या शाळेच्या छपराचा कार्यक्रम आला. तो मागच्या रांगेत, मोठ्या टोपीखाली बसला होता. सूत्रसंचालकाने टोपी ओळखली. भिशीचा हप्ता छपराला गेला. पुढचाही. आणि भिशीचा नियम असा की दोन हप्ते चुकले की तारण उचलायचं.

शनिवारी सकाळी पाच बायका आल्या. कंबरेला फडकी बांधूनच आल्या होत्या, पण आल्याबरोबर कुणी कामाचं बोललं नाही. आधी चहा झाला. माझ्यावर बसूनच झाला. मग न्यार-उयोमाने कप खाली ठेवला आणि ती आपोंदीला म्हणाली, "सेमेच्या लेकी, आता उठतो आम्ही. तुझा सोफाही उठेल."

त्यांनी मला आडवा धरला. उभा धरला. तिरका धरला. शेवटी मी चौकटीत असा अडकलो की दोन बायका अंगणात राहिल्या आणि तीन आत. आतल्यांना बाहेर येता येईना, बाहेरच्यांना आत. आपोंदीने दुसरा चहा बाहेरच्यांना माझ्या पायांमधून दिला.

"ढकला गं!" अंगणातून आवाज आला.

"अगं, तुम्ही ओढा!"

"ओढतोय! हा सोफा आहे की पाणघोडा?"

ओदेराला बोलावून आणलं. त्याने मला निरखून पाहिलं. डोळ्यांत अभिमान दाटून आला.

"सुटा करता येईल?" न्यार-उयोमाने विचारलं.

"सरपण करता येईल. मी डिंक ओतलाय, बाई, लाळ नाही."

घरमालकाने खिडकीतून सांगितलं की भिंतीला बोट लावलं तर भाडं दुप्पट. मग सगळ्यांनी मिळून मला परत आत ढकललं. तेव्हा न्यार-उयोमाची नजर कोपऱ्यात गेली.

"मशीन जाईल दारातून," ती हळूच म्हणाली. तिलाही ते आवडलं नव्हतं. पण भिशीत तिचे एकटीचे पैसे नव्हते.

आपोंदी मशीनसमोर जाऊन उभी राहिली. "न्या. मग उरलेले हप्ते कशाने फेडू? दातांनी शिवून?"

मित्रांनो, त्या क्षणी मला माझ्या देखणेपणाची प्रथमच लाज वाटली. जायचं मला होतं. मी मावत नव्हतो म्हणून मशीन जाणार होतं.

"माझी चूक आहे," ओबुया भिंतीकडे बघत म्हणाला. "नाव पुकारलं की हात आपोआप वर जातो."

"मग खिशात घाल तो हात!" आपोंदी म्हणाली.

"खिशात पाकीट आहे."

कुणीतरी हसलं. आपोंदी हसली नाही. तिने चुलीजवळचं उगाली घोटायचं लाकडी उलथनं उचललं, तोंडासमोर धरलं आणि ओरडली, "मंडळी! आपल्यामध्ये उपस्थित आहेत, ज्यांनी शाळेला छप्पर दिलं आणि स्वतःच्या पोरींना उघड्यावर आणलं, ते आपियोचे महान बाबा, ओबुया! आज भिशीसाठी किती जाहीर करतात बघू या!"

तो टोमणा होता. उलथन्याला अजून काल रात्रीची उगाली चिकटलेली होती. पण ओबुया सवयीने उठून उभा राहिला. छाती पुढे आली. हात पाकिटाकडे गेला आणि आदल्या संध्याकाळीच एका गाडीच्या रंगाची मिळालेली उचल, सगळीच्या सगळी, न्यार-उयोमाच्या ओंजळीत पडली.

तिने नोटा मोजल्या. मग न्यार-उयोमाने जीभ हलवून असा हर्षाचा सूर काढला की शेजारचे लोक लग्न आहे समजून डोकावले. बाकीच्या चौघींनीही तो उचलला. ओबुयाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"परत म्हण," तो आपोंदीला म्हणाला. "पण महान जरा हळू म्हण. खोटं वाटतं."

मशीन गेलं नाही. हे मी आधी सांगितलं होतं, पण तुम्ही विसरला होतात.

त्या दिवसापासून ओबुयाचा फोन आपोंदीकडे असतो आणि त्याची मजुरीही तिच्याच फोनवर येते. हप्त्याच्या दिवशी ती त्याला पैसे मोजून देते, भिशी आमच्याच घरी भरते, उलथनं वर जातं, नाव पुकारलं जातं, आणि ओबुया ते पैसे वाजतगाजत परत करतो. एकदा टाळ्यांच्या भरात त्याने भिशीच्या तंबूसाठी वरून पाच हजार जाहीर केले. तेव्हा ठराव झाला की या सदस्याच्या नवऱ्याचं हप्त्यापुढचं बोलणं भिशीला ऐकू येत नाही.

कर्ज अजून आहे. मी अजून जप्त आहे, जागच्या जागी. घरच्यांनी माझ्यावर बसायचं नाही असा भिशीचा नियम असल्यामुळे ओबुया माझ्या शेजारी चटईवर बसतो. रस्त्यावरून ध्वनिक्षेपकाची गाडी गेली की तो माझा पाय घट्ट धरतो आणि आपोंदी मशीन जोरात चालवते. ती गाडी लांब जाईपर्यंत खोलीतून कुणीच हलत नाही. मी तर हलूच शकत नाही.

मित्रांनो, सोफ्यावर उड्या मारू नका, रुमाल धूत जा, आणि घरातल्या माणसाचं नाव कधीतरी विनाकारण, मोठ्याने, कौतुकाने घेत जा. आता माझा अर्ज तेवढा कुणीतरी पोचवा:

प्रति, किसुमू शहर व परिसरातील समस्त सूत्रसंचालक व ध्वनिक्षेपकधारक. विषय: श्री. ओबुया यांचे नाव पुकारण्याबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, सदर इसमाचे नाव यापुढे कोणत्याही समारंभात पुकारण्यात येऊ नये. पुकारणे अपरिहार्य असल्यास ते पूर्ण सन्मानाने पुकारावे, टाळ्या वाजवाव्यात, परंतु आकडा विचारू नये, व सदर इसमास खाली बसू द्यावे. बसण्याची व्यवस्था अर्जदाराकडे आहे.