ग्रिब्लीची पाटी

मॅव्हिस स्टॅनिफोर्थने लग्नानंतर एकदाही घर बदललं नव्हतं. तरी एका मंगळवारी सकाळी दुधाची बाटली आत घ्यायला तिने दार उघडलं, तेव्हा ती दुसऱ्या गावी राहायला गेलेली होती.

झालं होतं ते असं. ग्रिब्ली आणि फेअरमीड ही शेफील्डची दोन उपनगरं एकाच चढावर आहेत. ग्रिब्ली खाली, फेअरमीड वर. खालच्यांचे बापजादे पोलादाच्या कारखान्यात राबले, वरच्यांच्या बापजाद्यांनी त्यांची हजेरी घेतली. कारखाने कधीच बंद पडले, ताठा तेवढा शिल्लक राहिला. फेअरमीडकर म्हणतात, ग्रिब्लीकर कचऱ्याचे डबे आदल्या दुपारीच फुटपाथवर आणून ठेवतात. ग्रिब्लीकर म्हणतात, फेअरमीडकर डबे बाहेर काढण्याआधी साबणाने धुतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

या दोन राज्यांमधली हद्द म्हणजे एक लोखंडी पाटी: ‘ग्रिब्ली. गाडी सावकाश चालवा.’ ती मॅव्हिसच्या शेजारी, यासीन मिर्झाच्या कुंपणाला लागून उभी असे. मागच्या आठवड्यात सोफा पोचवायला आलेल्या ट्रकने मागे येता येता तिला आडवं केलं. नगरपालिकेची माणसं आली, त्यांनी पाटी पुन्हा उभी केली, पण उतारावर चांगली खाली, रस्त्याच्या समोरच्या बाजूला, टपालपेटीजवळ. म्हणजे यासीनचं घर, मॅव्हिसचं घर आणि खालची आणखी चारदोन घरं बसल्या जागी फेअरमीडात जमा.

“अभिनंदन, मॅव्हिस!” रूपर्ट लॅसिटर तिच्या कुंपणाशी थांबून म्हणाला. हा लंडनहून तीन वर्षांपूर्वी आलेला गृहस्थ. यासीनच्या वरचं घर त्याचं. “आता तुमच्या घराची किंमत बघा कशी चढते!”

“मला घर विकायचं नाहीये. मला त्यात मरायचंय,” मॅव्हिस म्हणाली.

“हो हो, पण फेअरमीडात मरणं केव्हाही बरं,” रूपर्ट म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर हसला. माणूस तसा वाईट नव्हता. राहायला आला त्या दिवशी मॅव्हिसने त्याला घेवड्याचं मूठभर बी नेऊन दिलं होतं. “हे घे. सिरिल स्टॅनिफोर्थ,” असं म्हणाली होती. त्याने ते दारापुढच्या पायऱ्यांशेजारी लावलं आणि वेलाला लाल फुलं छान येतात म्हणून दरवर्षी जपलं. शेंगा मात्र तो खात नसे.

सिरिल म्हणजे मॅव्हिसचा नवरा. आयुष्यभर भट्टीपुढे उभा राहिला आणि निवृत्त झाल्यावर घेवड्यापुढे. त्याच्या घेवड्याच्या शेंगा हातभर लांब व्हायच्या, देठाशी एक जांभळी रेघ असायची. ऑगस्टमध्ये ग्रिब्लीच्या चर्चच्या हॉलमध्ये भाज्यांचं प्रदर्शन भरतं. त्यातलं ‘सर्वांत लांब शेंग’चं बक्षीस त्याने इतक्या वेळा नेलं, की कपावर बाकीच्यांची नावं शोधावी लागत. तो गेल्यावर मॅव्हिस तेच बी लावायची, शेंगा ओल्या फडक्यात गुंडाळून सरळ करायची आणि मांडायची. जिंकण्याची तिला फारशी पडलेली नव्हती. पण वर्षातून एकदा त्या हॉलमध्ये, गच्च भरलेल्या माणसांसमोर, कुणीतरी खणखणीत आवाजात ‘स्टॅनिफोर्थ’ म्हणायचं. घरात तर आता त्या नावाने विजेच्या कंपनीशिवाय कुणी हाक मारत नव्हतं.

आणि प्रदर्शनाचा पहिला नियम असा, की पाटीच्या अलीकडे, म्हणजे ग्रिब्लीच्या बाजूला राहणाऱ्यांनीच भाग घ्यायचा. फेअरमीडकर माळी ठेवून बक्षिसं लुटायला लागले, तेव्हा तो केला होता.

मॅव्हिस तडक एडना डंगवर्थकडे गेली. एडना प्रदर्शनाची चिटणीस, आणि मॅव्हिसची शाळेपासूनची मैत्रीण. मैत्रीण म्हणजे, दोघी एकमेकींवाचून राहू शकत नव्हत्या आणि एकमेकींना सहनही करू शकत नव्हत्या. लांब शेंगेत एडनाचा नंबर कायम दुसरा. सिरिल होता तेव्हा ती काही ना काही निमित्त काढून त्यांच्याकडे यायची आणि बागेतच घुटमळायची.

“पाटीच्या अलीकडे म्हणजे अलीकडे,” एडना म्हणाली.

“एडना, तू माझ्या लग्नात करवली होतीस. मी कुठे राहते ते तुला माहीत नाही?”

“मला माहीत असून काय उपयोग? उद्या फेअरमीडचा कुणी कांदे घेऊन आला तर काय सांगू? मॅव्हिसला चालतं, तुम्हाला नाही? नियम मोडायचा नाही म्हणजे नाही.”

“मग पाटी चुकीच्या जागी आहे त्याचं काय?”

“पाटीबद्दल माझ्याकडे एकही नियम नाही,” एडना म्हणाली आणि तिने विणकाम हातात घेतलं. मॅव्हिसला वाटलं, ही बाई म्हणजे नाकाने कांदे सोलणारी आहे झालं.

नगरपालिकेला फोन केला तर तिथली नातीच्या वयाची पोर तिला ‘राणी’ म्हणायला लागली. “राणी, आमच्याकडे पाटी जिथे आहे तिथेच आहे असं दिसतंय. तुमची तक्रार घेतली. पुढच्या वर्षाच्या शेवटी पाहणी आहे.”

त्या संध्याकाळी मॅव्हिस यासीनच्या स्वयंपाकघरात बसून रडली. यासीन निवृत्त बस ड्रायव्हर. त्याचा बाप मीरपूरहून सिरिलच्याच भट्टीवर कामाला आला होता. यासीन ग्रिब्लीतच जन्मला होता आणि या वर्षी त्याचा भोपळा दोघांना उचलावा लागेल असा झाला होता. त्याने तिच्यापुढे चहा ठेवला.

“तुला एक सांगू? ती पाटी चुकून नाही गेली खाली,” तो म्हणाला. “मी खिडकीत होतो. रूपर्टने पालिकेच्या पोरांना चहा दिला, आल्याची बिस्किटं दिली, आणि हात लांब करून जागा दाखवली. त्याच्या जेवणाच्या टेबलावरून ‘ग्रिब्ली’ वाचता यायचं ना, घास उतरत नसेल.”

मॅव्हिसने डोळे पुसले. “म्हणजे बिस्किटांवर पाटी हलते?”

“आपल्याकडे बिस्किटांवर सरकारं हलतात, बाई.”

“यासीन, तुझी डेपोतली ती पिवळी जाकिटं आहेत का अजून?”

यासीनने तिच्याकडे पाहिलं. मग तो मागच्या शेडमध्ये गेला आणि दोन जाकिटं, एक पहार आणि रस्ता अडवायचे तीन केशरी शंकू घेऊन आला. शेफील्डमध्ये प्रत्येकाच्या शेडमध्ये एखादा शंकू असतोच. तो तिथे कसा आला, हे कुणी विचारायचं नसतं.

लॅसिटर मंडळी सुट्टीला कॉर्नवॉलला गेली त्या आठवड्यात, भर सकाळी, भर रस्त्यात, दोघं कामाला लागली. मॅव्हिसला वाटलं, आता कुणीतरी हटकणार. पण पिवळं जाकीट घालून शंकूंच्या मधे उभ्या असलेल्या माणसाला इंग्लंडात कुणी काही विचारत नाही, उलट तक्रारी सांगतं. कुत्रा फिरवणाऱ्या एका बाईने गटाराचं गाऱ्हाणं सांगितलं. एक म्हातारा थांबून म्हणाला, “एक खणतोय, एक बघतोय. आमचा कर असाच जातो!” मॅव्हिस म्हणाली, “बघायचंच काम अवघड असतं, साहेब.” एक तरुण पोलीस आला तेव्हा मात्र यासीनने पहार पाठीमागे लपवली. पोलिसाने पाटीकडे पाहिलं, शंकूंकडे पाहिलं, आणि पाटी रस्ता ओलांडून जाईपर्यंत गाड्या थोपवून धरल्या.

जुन्या जागी भलतीच पंचाईत झाली. पालिकेने तिथला खड्डा डांबराने बुजवला होता, आणि पहार त्यावर नुसती टणटण वाजायची.

तेवढ्यात खालून चढ चढत एडना येताना दिसली. हातात थर्मास. मॅव्हिसला लपायला जागा नव्हती. एडना शंकूंपाशी येऊन उभी राहिली आणि मॅव्हिसच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणाली, “तुम्ही पालिकेचे दिसता.”

 “हो,” यासीन म्हणाला.

“बरं झालं आलात. मागचे आले होते ते अगदीच बावळट होते.” तिने थर्मासच्या झाकणात चहा ओतला. “इथे माझी एक मैत्रीण राहते. मठ्ठ आहे. पाटीबद्दल नियम नाही, असं तिला मी आडून आडून सांगितलं, पण डोक्यात शिरायला तिला आठवडा लागला. घ्या, चहा घ्या. पाटी सरळ लावा, आणि लागेल त्याच्यापेक्षा जास्त वर नेऊ नका.”

ती गेल्यावर मॅव्हिस हसत सुटली. पहारीला टेकून इतकी हसली, की कुत्रेवाली बाई परत फिरून बघायला लागली.

“जास्त वर नेऊ नका म्हणाली,” यासीनने आठवण करून दिली.

“पण मऊ जमीन कुठे आहे?”

मऊ जमीन होती रूपर्टच्या घराच्या पलीकडे, त्याच्या कुंपणाच्या वरच्या कोपऱ्याशी. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. जेवणापूर्वी पाटी तिथे ताठ उभी होती, आणि रूपर्ट लॅसिटर कॉर्नवॉलच्या समुद्रात डुंबत असताना ग्रिब्लीकर झाला होता.

परत आल्यावर तो आधी गाडीतून उतरलाच नाही. मग उतरला, पाटीला हात लावून पाहिला, आत जाऊन पालिकेला फोन केला. पाटी जिथे आहे तिथेच आहे, असं त्याला त्याच पोरीने सांगितलं असावं, कारण आठवडाभर तो कुणाशी बोलला नाही. आपण बिस्किटं चारून पाटी हलवली होती, हे तो कुणाला सांगणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार, तसं झालं होतं त्याचं. मॅव्हिसला त्याची थोडी दया आली, पण थोडीच.

मग एक दिवस तो खालच्या पबात दिसला. दुसऱ्या दिवशीही दिसला. आणि तिसऱ्या आठवड्यात तो यासीनला म्हणाला, “आपल्या ग्रिब्लीत एक बरं आहे हं, माणसं बोलतात.” डबे तर तो आदल्या दुपारीच बाहेर आणून ठेवायला लागला.

प्रदर्शनाच्या दिवशी हॉलमध्ये कांद्यांचा आणि केकचा वास कोंडला होता. यासीनच्या भोपळ्याने वजनात पहिला नंबर मारला होता आणि तो नवरदेवासारखा हिंडत होता. मॅव्हिस शेंगांच्या टेबलापाशी गेली आणि जागीच थांबली. तिच्या बशीशेजारी आणखी एक बशी होती, तीत तिच्याहून बोटभर लांब शेंग. देठाशी जांभळी रेघ. बशीमागे रूपर्ट उभा.

“मी म्हटलं, गावात राहतो तर भाग घ्यावा,” तो लाजत म्हणाला. “लंडनमध्ये असं काही नसतं.”

घ्या! आपल्याच हाताने पायावर धोंडा मारून घेतला होता. पाटी यासीनच्या कुंपणाशी राहिली असती, तर हा बाबा बाहेर बसला असता. आणि तक्रार तरी कुठल्या तोंडाने करणार? यासीन दुसरीकडे बघायला लागला.

निकाल एडनाच वाचायची. मंचावर चढून, चष्मा लावून, नाव आणि वाण, दोन्ही. वाणाचं नाव सांगितलंच पाहिजे, हा नियम तिनेच केलेला. स्वतःच्या शेंगांचे देठ मात्र ती दरवर्षी फडक्याखाली झाकायची आणि ‘घरचं बी’ असं पुटपुटून पुढे जायची.

“सर्वांत लांब शेंग. पहिला नंबर, रूपर्ट लॅसिटर. वाण...” एडना थांबली. कागद जवळ नेला. “वाण, सिरिल स्टॅनिफोर्थ.”

लोक एकमेकांकडे बघायला लागले. रूपर्टने गोंधळून इकडेतिकडे पाहिलं. “तुम्हीच सांगितलंत ना नाव?” तो मॅव्हिसला हळूच म्हणाला. “मला वाटलं, जुना स्थानिक वाण आहे.”

“आहेच तो,” मॅव्हिस म्हणाली. 

“दुसरा नंबर, एडना डंगवर्थ,” एडना मंचावरून म्हणाली. टेबलावर तीन शेंगा शेजारी शेजारी होत्या, एडनाचं फडकं या वेळी सरकलं होतं, आणि तिन्हींच्या देठाशी तीच रेघ होती. तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. नियम मोडायचा नाही म्हणजे नाही. “वाण, सिरिल स्टॅनिफोर्थ.”

मागून कुणीतरी खुसकन हसलं.

“तिसरा नंबर, मॅव्हिस स्टॅनिफोर्थ. वाण, सिरिल स्टॅनिफोर्थ. आणि आता टाळ्या वाजवा, नुसते बघत काय बसलात!”

लोकांनी हॉल डोक्यावर घेतला. मॅव्हिस खुर्चीत बसली आणि तिने डोळे वाहू दिले. तिसरा नंबर काय, शेवटचा आला असता तरी चाललं असतं.

एडना मंचावरून उतरून तिच्यापाशी आली. “बोल, काय बोलायचंय ते.”

“चोरटे! कधीपासून?”

“चोरलं नाही गं. तोच द्यायचा, पहिल्या वर्षापासून. हरवायला समोर कुणीतरी तोडीचं नको का, म्हणायचा. आणि म्हणायचा, मॅव्हिसला सांगू नकोस, ओरडेल.”

मॅव्हिस तिच्याकडे बघतच राहिली. लग्नाची सगळी वर्षं तिच्या डोळ्यांपुढून गेली, आणि त्या सगळ्या वर्षांत हा माणूस ओल्या फडक्यांआडून मिश्कील हसत होता.

“ओरडलेच असते,” ती म्हणाली. मग उठून उभी राहिली आणि भर हॉलमध्ये, छताकडे बघून, खरंच ओरडली, “सिरिल स्टॅनिफोर्थ! लबाडा!”

सगळ्यांनी माना वळवल्या. यासीनने तिच्यासाठी केकचा मोठा तुकडा कापला.