न फाटणारी रेघ

सत्य कितीही मोठं केलं तरी त्याच्या कडा फाटत नाहीत, असं माझं आयुष्यभराचं ठाम मत. दोन हजार नऊच्या मे महिन्यात पेणच्या स्टँडवर आमचं सत्य रोह्याच्या एसटीच्या दारात अडकलं आणि कोपऱ्यात टर्रकन फाटलं.

ते दहा फुटी फ्लेक्सवर छापलेलं होतं. आमच्या गावातल्या बाबाजींच्या मिठागराशेजारी खाडीत एका कारखान्यानं पाइप सोडलाय आणि तेव्हापासून मीठ तांबडं निघतं. पाइप हलवायचा की नाही, ते रोह्याच्या सुनावणीत ठरायचं होतं. माझी पुतणी रोहिणी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. पाइप यायच्या आधीपासून ती खाडीचं पाणी तपासत होती. त्यातल्या आम्लाचा आलेख तिनं काढला होता.

मागच्या सुनावणीत तो मोठा करून नेला, तर रेघेला जिन्यासारख्या पायऱ्या पडलेल्या. कारखान्याचे मॅनेजर म्हणाले, "रेघच धड नाही, आकडे काय धड असणार?" सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी पुढची तारीख दिली.

मग रोहिणीनं 'आर' नावाची संगणकाची भाषा शिकून घेतली. मला म्हणाली, "काका, ह्यात ठिपके साठवत नाहीत. इथून तिथवर रेघ ओढ, एवढा हुकूम साठवायचा. मग पोस्टकार्डावर छापा नाहीतर डोंगरावर, रेघ तशीच."

"हुकूम दिला की काम करते?"

"लगेच."

"मग सरकारी नाही."

सुनावणीत फ्लेक्स उलगडला. पार मागच्या बाकावरून दिसावी अशी नितळ रेघ. पाइप आला त्या महिन्यापर्यंत आडवी, तिथून सरळ वर. "व्हय, ह्योच त्यो महिना!" बाबाजी मागून ओरडले.

मॅनेजर चष्मा पुसत उठले. "साहेब, एवढी गुळगुळीत रेघ निसर्गात असते का? ही बनवलेली आहे."

साहेबांनी फ्लेक्सवरून बोट फिरवून पाहिलं. "खाडी एवढी गढूळ आणि रेघ एवढी स्वच्छ? शंका येते खरी."

"पण साहेब, मागच्या वेळी तुम्हीच..."

"मागचं मागे, बाई."

अर्ज निकालात निघाला. पाइप आहे तिथंच राहिला.

बाहेर रोहिणी फ्लेक्स गुंडाळत बसली. बाबाजी आले, त्यांनी त्याची कड चिमटीत धरून पाहिली.

"ह्यातून पानी नाय ना गलत, पोरी?"

"नाही, बाबाजी."

"मग मला दे. तांबडं तं तांबडं, पावसाआधी मिठाची रास झाकाय नको? फक्त कडंनं चार भोकं पाडून दे गो, दोरी ओवाया."